गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रतिबंध, स्त्रीचा आरोग्यहक्क आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

'अंगावरून पांढरे जाते' ही तक्रार ज्याने ऐकली नाही असा वैद्य विरळाच. नाडी पाहावी, जिव्हा पाहावी, दोन-चार प्रश्न विचारावेत आणि श्वेतप्रदराची नेहमीची औषधे देऊन रुग्णेस पंधरा दिवसांनी बोलवावे, अशी आपल्यापैकी अनेकांची पद्धत असते. बहुसंख्य रुग्णांना त्याने उपशयही मिळतो. परंतु या गर्दीतच एखादी रुग्णा अशी असते की जिच्या गर्भाशयमुखावर कर्करोगाची पूर्वावस्था कित्येक वर्षे मुकाट्याने वाढत असते. तिला ओळखण्याचा मार्ग एकच असतो व तो म्हणजे प्रत्यक्ष दर्शन-परीक्षण. ते झाले नाही तर पुढे ती आपल्याकडे येते तेव्हा करण्यासारखे फारच थोडे उरलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग झाला. त्यांपैकी १ लाख २७ हजारांहून अधिक स्त्रिया भारतातील होत्या, आणि त्याच वर्षी भारतात सुमारे ८० हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. याचा अर्थ दर तासाला सरासरी नऊ मृत्यू. भारतीय स्त्रियांमधील कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो. दुसरीकडे, २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी या रोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचे आढळले. शंभरात दोनही नाहीत! जो रोग पूर्वावस्थेत ओळखता येतो आणि त्या अवस्थेत जवळजवळ निश्चितपणे थांबवता येतो, त्याने इतके बळी घ्यावेत हे शास्त्राचे अपयश नव्हे. शास्त्र स्त्रीपर्यंत पोहोचले नाही याचे ते द्योतक आहे. म्हणून प्रस्तुत लेखात रोगाच्या प्रतिबंधाचा विचार स्त्रीच्या आरोग्यहक्काच्या विचारापासून वेगळा न करता मांडण्याचे योजिले आहे.

१. शारीर विचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात योनीचे वर्णन शंखनाभीसारख्या आकाराची व तीन आवर्तांनी युक्त असे केले असून तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या सांगितली आहे. आधुनिक काळातील अनेक अभ्यासक यातील दुसऱ्या आवर्ताशी गर्भाशयमुखाचा संबंध जोडतात. गर्भाशयमुखाचा योनीकडील भाग चपट्या पेशींच्या अनेक थरांनी आच्छादलेला असतो, तर आतील नलिकेस उभ्या पेशींचा एकेरी थर असतो. या दोन आवरणांची जेथे गाठ पडते ती संधिरेषा वयानुसार सरकत असते. पौगंडावस्थेत व गर्भिणी अवस्थेत ती बाहेरच्या बाजूस येते, रजोनिवृत्तीनंतर नलिकेत आत जाते. या सरकण्यामुळे जो पट्टा निर्माण होतो त्यास परिवर्तन-क्षेत्र म्हणतात. तेथील उभ्या पेशींचे चपट्या पेशींत सतत रूपांतर होत असते, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांश वेळा याच अरुंद पट्ट्यात उगम पावतो. तपासणीत नेमके कोठे पाहावयाचे, आणि रजोनिवृत्त स्त्रीमध्ये केवळ डोळ्यांनी केलेली तपासणी का अपुरी पडते, ही दोन्ही उत्तरे या रचनेतच आहेत.

२. हेतू व संप्राप्ती

या रोगाचा प्रधान हेतू ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एच.पी.व्ही., हा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांनी १९८० च्या दशकात हा संबंध दाखवून दिला व त्याबद्दल त्यांना २००८ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी १६ व १८ क्रमांकाचे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांत कारणीभूत ठरतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावयास हवी. हा संसर्ग लैंगिक संबंधातून होत असला तरी तो अतिशय सामान्य आहे. बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी तो होतो आणि बहुतेकांमध्ये एक-दोन वर्षांत शरीराच्या व्याधिक्षमत्वाने तो आपोआप नाहीसा होतो. म्हणून एच.पी.व्ही. चाचणीचा अहवाल सकारात्मक येणे हा स्त्रीच्या अथवा तिच्या पतीच्या चारित्र्याचा पुरावा नव्हे. हे वाक्य वैद्याने रुग्णेस व तिच्या घरच्यांस मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अन्यथा तपासणीमुळे रोग टळेल, पण संसार मोडेल, या भीतीने स्त्रिया तपासणीच नाकारतील.

ज्या थोड्या स्त्रियांमध्ये संसर्ग टिकून राहतो त्यांच्या परिवर्तन-क्षेत्रातील पेशींत क्रमाक्रमाने विकृती होत जाते. साधारण व्याधिक्षमत्व असलेल्या स्त्रीमध्ये संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासास सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. व्याधिक्षमत्व खालावलेले असल्यास हाच काळ पाच ते दहा वर्षांवर येतो. एच.आय.व्ही.बाधित स्त्रियांमध्ये या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. धूम्रपान, अनेक बाळंतपणे, लहान वयात सुरू झालेले लैंगिक संबंध, गर्भनिरोधक गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन हे साहाय्यक हेतू होत. आपल्याकडे मिश्री लावण्याची व तंबाखू चघळण्याची सवय ग्रामीण स्त्रियांत मोठ्या प्रमाणावर आहे. मुखकर्करोगाच्या दृष्टीने ती सोडवणे आवश्यकच असल्याने या तपासणीच्या निमित्ताने तोही उपदेश करावा.

या साहाय्यक हेतूंची यादी वाचताना त्यांतील किती हेतू स्त्रीच्या स्वाधीन आहेत, हा प्रश्न वैद्याने स्वतःस विचारावा. विवाह कोणत्या वयात व्हावा, बाळंतपणे किती व्हावीत, याचा निर्णय अनेक घरांत तिने घेतलेला नसतो. निदानपरिवर्जनाचा उपदेश केवळ तिला करून भागत नाही तो याचमुळे. मुलीचे शिक्षण व योग्य वयात विवाह हेही या रोगाचे निदानपरिवर्जनच होय.

३. ग्रंथोक्त विचार आणि त्याची मर्यादा

गर्भाशयमुखाचा कर्करोग या नावाने स्वतंत्र व्याधी संहितांमध्ये आलेला नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात व सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वीस योनिव्यापदांचे वर्णन केले आहे. त्यांतील कर्णिनी या व्यापदात कफ व रक्ताने युक्त वायू योनीत कर्णिकेसारखा उंचवटा उत्पन्न करतो असे सांगितले असून गर्भाशयमुखाच्या स्थानिक विकृतींशी तिचे साम्य अनेक अध्यापक दाखवतात. सुश्रुतोक्त अर्बुदाची लक्षणे, म्हणजे हळूहळू वाढणे, खोलवर मूळ असणे, स्थिर असणे व पाक न होणे, तसेच रक्तार्बुद व मांसार्बुदाचे असाध्यत्व, ही आजच्या घातक अर्बुदाच्या वर्णनाच्या जवळ जातात. असृग्दर व श्वेतप्रदर ही या रोगाची लक्षणेही असू शकतात.

तथापि साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. कर्णिनीचे सर्व रुग्ण कर्करोगाचे नसतात आणि पूर्वावस्थेतील रुग्णेत कर्णिनीचे वा प्रदराचे एकही लक्षण नसू शकते. म्हणून केवळ लक्षणांवरून 'ही कर्णिनी आहे' असे निदान करून चिकित्सा आरंभणे धोक्याचे ठरते.

सुश्रुतोक्त षट्क्रियाकालाची संकल्पना मात्र येथे विद्यार्थ्यांना शिकवण्यास अतिशय उपयुक्त आहे. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद या सहा अवस्थांपैकी जितक्या आधीच्या अवस्थेत वैद्य हस्तक्षेप करील तितका व्याधी सुखसाध्य, हे त्या सिद्धांताचे सार. गर्भाशयमुखाच्या पेशींतील पूर्वावस्था ही स्थानसंश्रयासारखी मानता येईल. व्याधी आपल्या स्थानी बसला आहे, पण व्यक्त झालेला नाही. फरक इतकाच की येथील पूर्वरूप रुग्णेला जाणवत नाही, ते वैद्याला शोधावे लागते. हा दृष्टांत समजुतीसाठी आहे, पुराव्यासाठी नव्हे, याचेही भान ठेवावे.

दर्शन-परीक्षणाची परंपरा आपल्या शास्त्राला परकी नाही. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात यंत्रविधी अध्यायात योनिव्रणेक्षण यंत्र सांगितले आहे. ते सोळा अंगुळे लांब, मध्ये पोकळ, चार भिंतींचे व कमळाच्या कळीसारख्या मुखाचे असून मूळाशी शलाका दाबल्या असता त्याचे मुख उमलते. ज्या शास्त्रात असे यंत्र वर्णिले आहे त्या शास्त्राच्या पदवीधराने योनिपरीक्षणाविना प्रदराची चिकित्सा करावी, हे त्या परंपरेशीही सुसंगत नाही.

४. लक्षणे

पूर्वावस्थेत कोणतेही लक्षण नसते. हाच या रोगाचा सर्वांत महत्त्वाचा विशेष होय. रोग व्यक्त झाल्यावर पुढील लक्षणे दिसतात :

- समागमानंतर रक्तस्राव
- दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव
- रजोनिवृत्तीनंतर पुन्हा झालेला कोणताही रक्तस्राव, मग तो कितीही अल्प असो
- दुर्गंधीयुक्त, पातळ अथवा रक्तमिश्रित स्राव
- पुढील अवस्थेत कटिशूल, ओटीपोटात वेदना, एका पायावर सूज, मूत्रावरोध, कार्श्य

यांपैकी पहिल्या चार लक्षणांपैकी एकही असल्यास योनिपरीक्षण त्याच दिवशी व्हावे किंवा ते जेथे होऊ शकेल तेथे रुग्णेस त्याच आठवड्यात पाठवावे. 'पाळी जायच्या वयात असे होतेच' हे वाक्य वैद्याच्या तोंडून कधीही येऊ नये. गर्भाशयमुखावर सहज रक्तस्राव होणारी, कठीण वा फुलकोबीसारखी वाढ दिसल्यास तेथे क्षारकर्म, योनिधावन, पिचुधारण अथवा उत्तरबस्ती यांपैकी काहीही न करता प्रथम ऊतकपरीक्षा करून घ्यावी. निदान न झालेल्या गर्भाशयमुखावर केलेली स्थानिक चिकित्सा विकृतीचे स्वरूप झाकते आणि मौल्यवान महिने घालवते.

५. प्रतिबंधाच्या तीन पायऱ्या

जागतिक आरोग्य संघटनेने १७ नोव्हेंबर २०२० रोजी या रोगाच्या निर्मूलनाचे धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत ९० टक्के मुलींचे वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वी लसीकरण, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या व पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी आणि विकृती आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार, अशी त्याची तीन लक्ष्ये आहेत.

पहिली पायरी : लस. लस विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वी दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून ९ ते १४ हे वय योग्य मानले जाते. भारतात या लशी २००८ पासून उपलब्ध आहेत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या लशीस जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही लस ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. लशीत जिवंत विषाणू नसतो आणि तिच्यामुळे वंध्यत्व येते या समजुतीस आधार नाही. लस झालेला संसर्ग बरा करीत नाही, तसेच सर्व प्रकारांपासून संरक्षण देत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीसही पुढे तिशीनंतर तपासणी आवश्यकच असते.

दुसरी पायरी : तपासणी. तिच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पेशीपरीक्षा म्हणजेच पॅप चाचणी ही सर्वांत जुनी असून तिला प्रयोगशाळा व प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात. दुसरी दर्शन-चाचणी. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावून एक मिनिट थांबले असता विकृत भाग संधिरेषेलगत ठळक कडांचा, दाट पांढरा दिसतो. हिला उपकरणे अल्प लागतात व निष्कर्ष तत्काळ मिळतो, मात्र तिची अचूकता तपासणाऱ्याच्या प्रशिक्षणावर अवलंबून असते. तिसरी एच.पी.व्ही. डी.एन.ए. चाचणी ही सर्वांत संवेदनशील असून तिचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. २०२१ च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीस प्राधान्य दिले आहे. सामान्य स्त्रीसाठी वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी, तर एच.आय.व्ही.बाधित स्त्रीसाठी पंचविसाव्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी ती करावी असे त्यात सांगितले आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी दर्शन-चाचणीची योजना आहे.

तिसरी पायरी : पूर्वावस्थेचा उपचार. विकृती लहान असेल, संपूर्ण दिसत असेल, नलिकेत शिरलेली नसेल व कर्करोगाची शंका नसेल, तर शीतदहन वा उष्णदहनाने काही मिनिटांत, भूल न देता ती नष्ट करता येते. अन्यथा विद्युत्-तारेच्या फासाने तेवढा भाग काढून तपासणीस पाठवतात. दोन्हींत गर्भाशय शाबूत राहते. या उपचाराविना केलेली तपासणी म्हणजे स्त्रीला केवळ भीती देऊन घरी पाठवणे होय.

६. महाराष्ट्राच्या भूमीवरील अभ्यास

या विषयातील जगन्मान्य पुराव्याचा मोठा भाग आपल्याच राज्यात तयार झाला, हे आपल्यापैकी अनेकांना ज्ञात नसते.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांच्या चार गटांपैकी तीन गटांत प्रत्येकी एक चाचणी एकदाच करण्यात आली व चौथा गट नेहमीच्या आरोग्यसेवेवर ठेवण्यात आला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एच.पी.व्ही. चाचणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर चाचणी न झालेल्या, किंचित लहान असलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात दर्शन-चाचणी करणाऱ्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. दोन-दोन वर्षांच्या अंतराने चार फेऱ्या झाल्या आणि तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणाने हे साध्य होत असेल, तर प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा विषय अभ्यासलेल्या आयुर्वेद पदवीधराने याबाबत असमर्थता दाखवण्यास जागा उरत नाही.

या अभ्यासांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे तपासणी झाली नाही आणि त्यांतील काही या रोगाने दगावल्या. प्रचलित सेवेत तपासणीच नव्हती, म्हणून तसा गट ठेवणे रास्त होते असे एक मत आहे. ज्ञात उपायापासून कोणासही दूर ठेवणे अनुचित होते असे दुसरे मत आहे. पुढे यावर देशात व परदेशात बरीच चर्चा झाली. वाद कसाही सुटो, त्या स्त्रियांच्या जीविताच्या मोलाने मिळालेले ज्ञान आज वापरले न जाणे, यास कोणतेही समर्थन नाही.

७. स्त्रीचा आरोग्यहक्क

संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात आरोग्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत मानले आहे. स्त्रियांवरील भेदभावाच्या निर्मूलनासाठीच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९३ साली अनुसमर्थन दिले. त्याच्या बाराव्या अनुच्छेदात आरोग्यसेवेतील समानता सांगितली आहे. परंतु वैद्याच्या दृष्टीने हक्क म्हणजे केवळ ग्रंथातील कलम नव्हे. तपासणीच्या टेबलाशी त्याचे तीन प्रश्न होतात.

(अ) तिला सांगितले गेले का? तिने होकार दिला का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात दिलेला निर्णय प्रत्येक वैद्यास माहीत असावा. निदानात्मक दुर्बीण-तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षीय स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन, काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने म्हटले की निदानासाठी दिलेली संमती ही शस्त्रकर्मासाठी दिलेली संमती नव्हे, आणि रुग्णा सज्ञान व समर्थ असताना, तिच्या जीवितास तत्काळ धोका नसताना, आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. हाच न्याय पतीलाही लागू आहे. सज्ञान स्त्रीच्या तपासणीस पतीची अनुमती कायद्याने आवश्यक नाही. तो सोबत असल्यास उत्तम, परंतु सही तिची हवी.

लसीकरणाच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प राबवण्यात आला. सात मुलींच्या मृत्यूच्या वार्तांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. नेमलेल्या चौकशी समितीस या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे आढळले नाही. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कठोर ताशेरे ओढले. लस निर्दोष असूनही लोकांचा विश्वास गेला तो संमतीच्या हेळसांडीमुळे, आणि तो परत मिळवण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

याच स्थगितीचा एक अनपेक्षित परिणामही नोंदवण्याजोगा आहे. त्या वेळी देशात दोन मात्रा व तीन मात्रा यांची तुलना करणारा एक स्वतंत्र अभ्यास चालू होता. तोही थांबल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांच्या सुमारे दहा वर्षांच्या पाठपुराव्यात एका मात्रेनेही १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. ९ ते २० वयोगटासाठी एक मात्राही चालेल, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मान्य केले, त्यामागील पुराव्यात या भारतीय मुलींचा वाटा मोठा आहे.

(आ) तिचे गर्भाशय विनाकारण गेले का? तपासणीचा अभाव हा हक्काचा एक भंग, तर भीती घालून केलेले शस्त्रकर्म हा दुसरा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी' काढलेली होती. म्हणजे जवळपास सहा जणींत एक. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर मजुरी बुडते व उचल घेतलेल्या मुकादमास खाडा भरून द्यावा लागतो, फडावर पाण्याची व शौचालयाची सोय नाही, त्यातून जंतुसंसर्ग व स्राव. आणि अशा स्थितीत दवाखान्यात गेलेल्या स्त्रीस 'पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल' असे सांगितले गेले, अशी ही साखळी अनेकींच्या कथनातून पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-निर्हरण रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

येथे वैद्याची जबाबदारी स्पष्ट आहे. श्वेतप्रदर, गर्भाशयमुखाचा दाह वा क्षत हे गर्भाशय काढण्याचे कारण नव्हे. कर्करोगाची शंका असेल तर प्रथम चाचणी, मग ऊतकपरीक्षा आणि त्यानंतर निर्णय, हाच क्रम. बीजकोशही काढले गेल्यास अकाली रजोनिवृत्ती, अस्थिसौषिर्य व हृद्रोगाचा वाढता धोका त्या श्रमिक स्त्रीस उर्वरित आयुष्यभर वाहावा लागतो. अशा सल्ल्याचा कागद घेऊन आपल्याकडे आलेल्या रुग्णेस 'दुसरे मत घेणे हा तुमचा हक्क आहे' असे सांगणे, हीही चिकित्साच होय.

(इ) तिची लज्जा व गुप्तता राखली गेली का? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत माहिती, संमती, गोपनीयता व दुसरे मत हे हक्क नमूद आहेत. पुरुष वैद्याने स्त्रीची तपासणी करताना दुसरी स्त्री उपस्थित असावी, हाही तिचा हक्क आहे. पडदा, स्वच्छ चादर, निर्जंतुक यंत्र आणि प्रत्येक कृतीपूर्वी 'आता मी हे करणार आहे, दुखले तर थांबा म्हणा' असे सांगणे, याला खर्च लागत नाही. अविवाहित, विधवा, परित्यक्ता व देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया लज्जेपोटी या तपासणीपासून सर्वांत दूर राहतात. त्यांना वैवाहिक स्थितीविषयी आवश्यकतेपेक्षा अधिक प्रश्न विचारू नयेत.

८. वैद्यांसाठी कार्यपद्धती

१) तिशीवरील प्रत्येक स्त्री रुग्णेस, ती कोणत्याही तक्रारीसाठी आलेली असो, 'गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का?' हा प्रश्न विचारून उत्तर रुग्णपत्रिकेवर नोंदवावे.

२) प्रदराच्या रुग्णेत योनिपरीक्षणाविना चिकित्सा आरंभू नये. तिने नकार दिल्यास कारण समजावून सांगावे, नकाराचा मान राखावा व पुढील भेटीत पुन्हा विचारावे.

३) दर्शन-चाचणी मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतल्याविना करू नये. प्रशिक्षण नसल्यास जवळचे आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. आपल्या राज्यात उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून अनेक आयुर्वेद पदवीधरच कार्यरत आहेत. त्यांच्याशी व आशा सेविकांशी संपर्क ठेवावा.

४) पाठवलेली रुग्णा पोहोचली का, याची स्वतंत्र वहीत नोंद ठेवून पंधरा दिवसांत चौकशी करावी. रुग्णा हरवते ती बहुधा चिठ्ठी व चाचणी यांच्या मधल्या अंतरात.

५) रजोनिवृत्त स्त्रीस दर्शन-चाचणीवर विसंबून 'निर्दोष' असे सांगू नये. तिला एच.पी.व्ही. अथवा पेशीपरीक्षेसाठी पाठवावे.

६) गर्भाशय काढलेल्या स्त्रीस 'आता तपासणी नको' असे सरसकट सांगू नये. गर्भाशयमुख शिल्लक आहे का, शस्त्रकर्म कोणत्या कारणासाठी झाले, हे कागदपत्रांवरून पाहावे.

७) कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णेस शस्त्रकर्म, किरणोत्सार व रासायनिक चिकित्सेपासून परावृत्त करू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, ही माहिती द्यावी. अग्निमांद्य, दौर्बल्य, मुखपाक, निद्रानाश यांसाठी आयुर्वेदीय औषधे द्यावयाची असल्यास ती तिच्या कर्करोगतज्ज्ञास कळवूनच द्यावीत. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय अधिनियमाने बंदी आहे, याचेही विस्मरण होऊ देऊ नये.

८) घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असल्यास आई-वडिलांशी व मुलीशीही लशीविषयी बोलावे. तिला कळेल अशा भाषेत सांगून तिचाही होकार घ्यावा.

समारोप

हा रोग शरीरात दहा-पंधरा वर्षे राहून मग प्रकट होतो. म्हणजे तो स्त्रीला व समाजाला दहा-पंधरा वर्षांची मुदत देतो. ती मुदत वाया जाते, कारण कोणी तिला विचारलेले नसते, विचारले तर पाहिलेले नसते, आणि पाहिले तर समजावून सांगितलेले नसते. रुग्णालयापर्यंत न पोहोचणारी ग्रामीण व श्रमिक स्त्री गावातील वैद्यापर्यंत मात्र पोहोचते. तिचा आपल्यावर विश्वास आहे. त्या विश्वासाची परतफेड एका प्रश्नाने, एका परीक्षणाने व एका योग्य चिठ्ठीने होऊ शकते. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून किमान एक प्रशिक्षण शिबिर या विषयावर घ्यावे व तपासलेल्या आणि पुढे पाठवलेल्या स्त्रियांची नोंद शाखेच्या वार्षिक अहवालात द्यावी, ही विनंती.

स्वाध्याय

१) षट्क्रियाकालाच्या आधारे गर्भाशयमुख कर्करोगाच्या प्रतिबंधाचे महत्त्व विशद करा. या तुलनेची मर्यादा कोणती?
२) रजोनिवृत्तीनंतर दर्शन-चाचणी अपुरी का ठरते? शारीर आधार द्या.
३) ३८ वर्षांची, तीन अपत्ये असलेली रुग्णा समागमानंतरच्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन आली असून एका रुग्णालयाने तिला गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला आहे. आपण कोणत्या क्रमाने कार्यवाही कराल व तिला तिचे कोणते हक्क सांगाल?
४) लस घेतलेल्या स्त्रीसही तपासणी का आवश्यक आहे?